आयडलिंगवर

तक्रार विश्रामबागेतून आली होती.
नवी गाडी, जेमतेम सातशे किलोमीटर पळालेली.
सिग्नलला उभी राहिली की बॉनेटखाली
कुणीतरी सुपारी कातरत बसतं,
म्हणाले डॉक्टर बेडकिहाळ,
आणि ही सुपारी काही संपत नाही.

म्हणून तो पंप कुपवाडला, माझ्या टेबलावर.
मुठीएवढा. पेट्रोलचा वास.
मी मायक्रोफोन लावले चारी बाजूंना,
दार बंद केलं, फॅन बंद केला,
घड्याळाचा सेलसुद्धा काढून ठेवला.

दस्तगीर शिकलगार दोनदा रिटायर झालाय, तरी येतो.
चाळीस वर्षं प्रेस शॉपमध्ये,
कानातले वरचे सूर तिथंच सांडले.
तो लांब पेचकसाची मूठ दातांत धरतो,
टोक पंपाच्या मानेवर,
आणि डोळे मिटतो.
"दोन आवाज हायत," म्हणतो.
"एक मिटतानाचा, एक उघडतानाचा.
मिटतानाचा रागाचा हाय.
उघडतानाचा, इसरून गेल्यागत."
तासाभराने स्क्रीनवर दोन सुळके उभे राहिले.

तसं त्या व्हॉल्व्हचं चुकत काहीच नव्हतं.
कॉइलला करंट मिळाला की सुई ओढली जाते,
बैठकीवर आदळते,
पेट्रोल कोंडलं जातं, दाब चढतो.
लवकर ये, उशीर नको, असं आम्हीच शिकवलेलं तिला.
आणि पूर्वी हे ऐकू यायचं कुठं?
इंजिनच एवढं खडखडायचं.
टॅपेट, चेन, फॅनचा पट्टा,
एकेकाला आम्ही गप्प बसवत आणलं,
आणि गप्प बसलेल्यांत हा एकटा बोलका निघाला.

आधी फोमचं जाकीट घालून पाहिलं.
दस्तगीर म्हणाला, "रडत्या पोराच्या तोंडावर हात ठिवतोस व्हय रं?"
काढलं.

मग करंट उतरवत गेलो,
अँपिअरच्या दहाव्या भागानं, एकेक पायरी.
सुई येत राहिली, जरा हळू, जरा आणखी हळू,
सोमवारी दुपारी चार वाजता आलीच नाही.
दाब कोसळला. इंजिन आचका देऊन थांबलं.
खोलीत इतकी शांतता
की मला माझी लाज ऐकू आली.
तिथून दोन पायऱ्या वर चढलो. तिथंच थांबलो.

उघडतानाचा मात्र तसाच.
करंट बंद, दाब ओसरला, काम संपलं,
स्प्रिंग ढकलते आणि सुई मागच्या भिंतीवर,
शिफ्ट सुटल्यावर पोरं लॉकर आपटतात तशी.
ड्यूटीतला आवाज नव्हे हा,
म्हणून ड्रॉइंगमध्ये त्याच्यासाठी रेघही नव्हती.

तेव्हा तिला परतताना
पुन्हा एक इवलासा करंट दिला,
भिंत यायच्या जराशी आधी.
त्यानं पेट्रोलचा थेंबही पुढे सरकत नाही.
पुण्याच्या मीटिंगमध्ये विचारलं गेलं,
ही वीज नेमकी कशावर खर्च होते?
मी म्हणालो, दाराला हात लावण्यावर.
कुणी ते मिनिट्समध्ये घेतलं नाही.

साडेसहा डेसिबल उतरले.
दस्तगीरनं पेचकस दातांत धरला,
बराच वेळ तसाच उभा.
"बंद हाय न्हवं?"
"चालू आहे, चाचा."
त्यानं पेचकस बाजूला ठेवला,
तळहात टेकवला पंपावर,
ताप बघावा तसा.
"मग उद्या ह्यो आजारी पडला
तर सांगंल कसा?"

रिपोर्टमध्ये याला रकाना नाही.

बेडकिहाळांचा फोन आला नाही,
त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही.
आमच्या कामाची शाबासकी अशीच असते,
न वाजलेल्या फोनसारखी.

संध्याकाळी गेटजवळ दस्तगीर अडकित्ता काढतो.
कट्. कट्.
मी हेल्मेट हातात घेऊन उभा, ऐकत.
खांड तोंडात टाकतो, सायकल ओढतो,
स्टँडला लाथ घालतो, खण्णकन,
आणि वळतो मिरजेकडं.