पुडी

छापखान्याच्या दाराला लाखेची मोहर लावून
तीन माणसं गुरुवारी निघून गेली.
चौथ्यानं पावती दिली.
मी मुद्रितं तपासणारी बाई, सव्वीस वर्षं.
त्याला म्हणाले, तारीख चुकलीय तुमची.
त्यानं मुकाट्यानं खाडाखोड केली.

आमचं साप्ताहिक ते केवढं? नऊशे प्रती.
कुताइसीच्या बाहेर कुणी नाव ऐकलेलं नाही.
नव्या कायद्यात मात्र आम्हाला भलंमोठं नाव होतं:
परक्यांचे हस्तक.
तेमुरीनं, आमच्या संपादकानं,
स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले.
शाई होती. नखांत जास्त.

शुक्रवारी टीव्हीवर मंत्री म्हणाले,
ही मंडळी नुसत्या पुड्या सोडतात.

आता पुडी म्हणाल तर
ती पुलाच्या तोंडाशी बसलेल्या झुझुनाची.
सूर्यफुलाच्या भाजक्या बिया, पेल्यानं मोजून,
आणि कागद कायम आमचाच,
जुन्या अंकांचा, रद्दीच्या भावानं.
सोमवारी तिचा कागद संपला.
सरकारी पेपरचा गठ्ठा कुणीतरी फुकट आणून ठेवला.
ती त्यावर बसली.
दगड गार लागतो, म्हणाली.

मग आधी कोण आलं, नक्की सांगता येणार नाही.
मला वाटतं लामारा, बालवाडीतली स्वयंपाकीण,
कपाटाच्या खणात अंथरलेलं पान घेऊन,
डांबरगोळ्यांचा वास येणारं.
मग खिडकीच्या फटीत कोंबलेली पानं,
गालिच्याखालची, लोणच्याच्या बरण्यांखालची.
एका म्हाताऱ्यानं अख्खा अंक आणला,
मधोमध चौकोनी भोक.
तेवढं माझ्याकडे राहू दे, म्हणाला,
त्यात ती आहे.

सगळेच आले असं नाही.
आमच्या खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य
पलीकडच्या फुटपाथवरून जायचा, टोपी खाली ओढून.
त्याला मुलं आहेत.
मलाही आहेत, पण ते जाऊ दे.

आठवड्याभरात पुलावर रांग लागली.
लोक बिया घेत, खिशात ओतत,
आणि पुडी उलगडून दिव्याखाली वाचत उभे राहत.
चौदा वर्षांपूर्वी फुटलेला नळ.
इस्पितळाची लिफ्ट, बंद.
अजून बंदच आहे! एक बाई ओरडली,
सगळे हसले, आणि मग हसणं
एकेका तोंडातून आपोआप विझलं.
शाळेच्या छपराचे पैसे कुणाच्या अंगणात गेले
ते पान फाटून अर्धंच आलं होतं,
पुढचा मजकूर दुसऱ्या कुणाच्या पुडीत.
"शेवट कुणाकडे?"
ही हाक माणसागणिक सरकत
रांगेच्या टोकापर्यंत गेली.

पोलीस आला. कोवळा, हनुवटीवर वस्तऱ्याची ताजी रेघ.
काय आहे यात?
बिया, झुझुना म्हणाली. सोडून बघ.
त्यानं पुडी सोडली.
बिया संपल्या तरी वाचत राहिला,
मग कागदाची घडी करून वरच्या खिशात घातली.
जप्ती म्हणून की आणखी कशासाठी,
आम्ही विचारलं नाही.

काल मीही रांगेत होते.
माझ्या पुडीवर माझीच चूक निघाली.
श्रद्धांजलीच्या काळ्या चौकटीत,
एलिझबार या नावातला शेवटचा र गळलेला.
आठवलं, त्याची मुलगी कचेरीत आली होती.
आवाज चढवला नव्हता तिनं,
फक्त म्हणाली होती, दगडावर बरोबर कोरलंय,
कागदावरही असायला हवं होतं.
पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ, मी म्हणाले होते.
दिली का, आठवत नाही.
आणि आता पुढचा अंक नाही.

पर्समधून पेन्सिल काढली.
कठड्यावर कागद सपाट केला,
मिठाचे कण झटकले,
समासात खूण करून र घातला,
आणि कागद झुझुनाला परत दिला,
मागच्या गिऱ्हाइकाच्या बियांसाठी.