थांब, आईला देतो

फोन उचलून अप्पा एवढंच म्हणायचे.

बत्तीस वर्षं अहमदपूरच्या स्टँडवर
भोंग्यातून हजारोंशी बोललेला माणूस
(लातूरहून आलेली, लोहा मार्गे नांदेडला जाणारी गाडी
फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे,
प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं)
आणि माझ्या वाट्याला तीन शब्द.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई गेली.
तेराव्यानंतर नांदेडहून मी पहिला फोन लावला
तर सवयीनं म्हणालेच, थांब,
आणि थांबले.
मीही थांबले.
पंख्याचं ते एक खडखडतं पातं ऐकू येत होतं,
मग गल्लीतल्या गिरणीचा पट्टा,
मग गिरणीही बंद झाली.
"जेवलीस का?"
सकाळचे साडेसहा वाजले होते.
हो, म्हणाले मी.

मग रोज साडेसहाला तेच.
जेवलीस का. हो.
दीड महिन्यानं एकदा जरा पुढं सरकले:
"तुझी आई त्या हिरव्या डब्यात काय ठिवायची गं?"
मेथ्या, अप्पा.
"हं. मला वाटलं ओवा."
त्या ओव्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले,
वॉर्डातून दोनदा बोलावणं येईस्तोवर.

लतीफभाईच्या पोरानं त्यांना शिकवलं,
बोट दाबून ठिवायचं आणि बोलायचं.
पहिला निरोप आला तो असा:
"सत्वशीला यांना कळविण्यात येते की
परसातल्या शेवग्याला शेंगा लागलेल्या आहेत.
येताना पिशवी आणावी."
आणि पुढं, बोट उचलायचं विसरल्यामुळं,
वीस सेकंद नुसता श्वास,
थोडा घरघरणारा.
शेंगांचं राहू द्या,
ते वीस सेकंद मी ड्युटीवर जाताना ऐकत राहिले.

येळवशीला गेले.
आम्हाला शेत नाही. सोपानकाकांच्या कोपीत
दरसाली आईची भज्जी जायची,
यंदा पातेलं अप्पांच्या डोक्यावर.
बुडाला लागलेली, दाणे जास्त, आणि कशाची तरी कमी.
चांगली झालीय, म्हणाले.
"खोटं बोलू नको," म्हणाले,
आणि आंबिलीचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

परतताना बांधावर त्यांना बाभळीचा काटा लागला.
घरी येऊन मी पाय मांडीवर घेतला
तर ओढूनच घेतला त्यांनी.
"लेकीनं बापाच्या पायाला हात लावू नाही."
मी रोज परक्या माणसांचे पाय धुते, अप्पा.
यावर त्यांच्याकडं काही नव्हतं.
टाच दगडासारखी. सेफ्टी पिननं काटा निघाला,
मग दिसली नखं, वाढून वळलेली.
नखं कोण कापायचं ते मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.
दहाही बोटं झाली.
ते बंद टीव्हीकडं बघत बसले होते
आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला,
केसात अडकलेलं ज्वारीचं पात काढायला.
पात निघालं तरी हात थोडा वेळ तिथंच.
मी हलले नाही.

सकाळी स्टँडवर सोडायला आले.
ड्रायव्हरला म्हणाले, सावकाश.
कंडक्टरला म्हणाले, सावकाश.
मला म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. मी उचलतो."
जणू दुसरं कुणी उचललं असतं.
गाडी हलली तेव्हा आणखी काहीतरी म्हणत होते,
काच खाली येईना.

लोह्याच्या अलीकडं निरोप वाजला.
"भज्जीत चिंच राहिली. आत्ता आठवलं."
बोट उचलायचं पुन्हा विसरले होते.
मागं भोंगा, नव्या पोराचा आवाज,
त्यावर अप्पा, "अरे चार नाही, तीन म्हण, तीन,"
मग कुणीतरी चहावाला:
कोण गेलं हो साहेब, पाव्हणं?

आणि अप्पा, माईकशिवाय,
पण पार रस्त्यापर्यंत जाईल अशा त्यांच्या त्या आवाजात:
"लेक हाय माझी."