भवानी

सकाळची भवानी कुणाच्या हातून होते
त्यावर पाटीचं नशीब, असं सासू सांगायची.
आणि आंधळा समोर आला
तर सरळ गोणपाट ओढ पाटीवर.

तो आला नारळीपौर्णिमेनंतर,
होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर.
घाटावरचा. आडनाव साळोखे.
पतपेढीत फोनवर बसतो म्हणे.
बर्फाच्या पाण्यातून, खवल्यांतून काठी टेकत
वेंगुर्ल्याच्या बाजारात शिरला.
मी जैतूनशी भांडत होते जागेवरून, कडाकडा,
म्हणून थेट माझ्याच पाटीशी थांबला.
"बांगडा आहे का मावशी?"

गोणपाट ओढायचं राहून गेलं.
भवानी तर मोडता येत नाही.
मग खालचे काढले, कालचे,
डोळे बसलेले, पोट मऊ पडलेलं,
आणि वर सांगितलं,
"आत्ताच इले हत बंदरावरसून, सातेरीची आण."
त्याने नोटा बोटांनी चाचपून मोजून दिल्या.
बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी लांबूनच हाक घातली मी,
"ये रे बाबा, ताजे आसत!"
तिसऱ्या दिवशीही.
जैतून तोंडाला पदर लावून हसायची.
दीड महिना शिळे विकले त्याला,
आणि धंदा, खरं सांगते, वाईट झाला नाही.

मग एका बुधवारी तो वाकला,
शेजारणीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला,
"मावशी, आज तेवढे ताजे दे.
आई यायचीय कराडहून."

कोयता हातातच राहिला.
आठ काढले, लखलखीत. पैसे नको म्हटलं.
त्याने नोट पाटीत टाकली, रागाने,
आणि गेला.

मला वाटायचं आंधळ्यांना वासावरून सगळं कळतं.
साळोख्याला बारा महिने सर्दी.
घरमालक सांगायचा त्याला,
नाहीतर त्याचं पोट.

चार दिवसांनी बाजार उठताना
उलट्या क्रेटवर बसवला त्याला. विचारलं,
"तुका म्हायत होता, तर माझ्याकडेच कित्याक येय होतस?"
तो काठीचं टोक पुसत राहिला.
"मी आत शिरलो की बाजार गप होतो मावशी.
वीस बायका, एकदम.
तू एकटी ओरडायचीस.
खोटं. पण माझ्याशी."

यावर काय बोलणार.
मी चहा ओतला. अर्धा कपात, अर्धा त्याच्या पँटीवर.
त्याने शिवी हासडली, घाटावरची,
आमच्या बंदरावर कुणी न ऐकलेली.
मला फार आवडली. अजून वापरते.

आता रोज त्याच्यासाठी थांबते.
पहिली नोट त्याचीच, दहाची का असेना.
सासू फोटोतून बघते. बघू दे.

पण काल जैतूनने, मेलीने,
माझ्या तोंडासमोर हाळी दिली,
"ओ साळोखे, सरंगा बघा, हात लावून बघा!"
आणि तो वळला की तिकडे.
पाव तास घासाघीस.
मागून कमळी ओरडली, मग तिची सून,
बाजारभर कल्ला,
आणि मी गोणपाट हातात घेऊन बसलेली,
ती शिवी ओठांवर,
भवानी अजून व्हायची.