झडती

दारातच हात वर गेले माझे.
एकोणतीस वर्षांची सवय :
नाशिकरोडच्या प्रेसमधून सुटताना
रोज खिसे, कंबर, डब्याचं झाकण, चपलेचा तळ.
दिवसभर नोटा तपासायच्या
आणि फाटकावर
रिकाम्या हातांचा पुरावा द्यायचा.

कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर,
खालच्या दातांच्या दवाखान्याचं ड्रिल भिंतीतून वर येत होतं.
काउंटरवरची तरन्नुम म्हणाली,
काका, हात खाली घ्या. इथं फक्त फॉर्म आहे.

दोन पानं. मराठीत.
पहिल्यावर आपले हक्क, दुसऱ्यावर आपली जबाबदारी.
मला आजवर दुसरंच पान मिळत आलेलं.

छापील कागद मी वाचतो तो चुका शोधायला.
शाई फुटली का, आकडा सरकला का.
सदोष ताव बाजूला, नोंदवहीत सही.
तसंच वाचलं हेही :
समुपदेशकाचं शिक्षण विचारता येईल.
न पटल्यास दुसरा मागता येईल.
एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलं तरी चालेल.
मधेच उठून जाता येईल
(दार कुठंय ते पाहून ठेवलं).
आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायला मागता येईल.
'वाचायला'मधला एक काना फिकट. बाकी निर्दोष.

मग बारीक टायपात :
येथे बोललेले या खोलीबाहेर जाणार नाही.
अपवाद, आपल्या किंवा इतर कुणाच्या जिवाला धोका असल्यास.

बोट तिथं थांबलं.
चेहेडीचा पूल, मार्गशीर्षातली पहाट,
कठड्याला टेकवलेली सायकल, हॅन्डलला डबा.
डबा गार होईपर्यंत मी तिथं होतो.
मग ड्यूटीवर गेलो.
फाटकावरच्या कुठल्याच झडतीत
ते सापडलं नव्हतं.

धोका म्हणजे नेमका किती? मी विचारलं.
गायधनी मॅडमनी पेन खाली ठेवलं.
ते आपण दोघं मिळून ठरवू, म्हणाल्या,
तुमच्या पाठीमागं काही करणार नाही.
त्यावर बराच वेळ फक्त ड्रिल.
मी सही केली. सुदाम रखमाजी पेखळे.
'खळे' जरा थरथरलं.

बाहेर बाकावर आमची ही, पर्स मांडीवर घट्ट.
मॅडम दिसताच उठली,
काय काय म्हणाले हो हे?
ते त्यांनाच विचारा ताई, मला नाही सांगता येणार.
ही ओशाळली.
मी तर चपलेचा पट्टा शोधत बसलो उगाच.
माझ्या वतीनं कुणीतरी
दार धरून उभं राहिलं होतं,
आणि दाराच्या त्या बाजूला हीच होती,
चौतीस वर्षांची माझी.

बसमध्ये तिनं मला खिडकी दिली.
द्वारकेपर्यंत गप्प.
तिथं सिग्नलला मी म्हणालो, झोप लागत नाही.
पूल नाही सांगितला. झोपच सांगितली.
ती म्हणाली, ठाऊक आहे,
तुम्ही किती वेळा कूस बदलता ते मोजते मी.

दुसरं पान घरी वाचलं, चष्मा पुसून.
वेळेवर या. दारू पिऊन येऊ नका.
चालू असलेल्या गोळ्या सांगा.
येणं जमणार नसेल तर चोवीस तास आधी कळवा.
मला हसू आलं. चोवीस तास!
त्या पहाटे, सायकल पुलाकडं वळेपर्यंत
माझं मलाच कळलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी उड्डाणपुलाखाली बस अडकली.
एक ट्रक आडवा, कांद्याच्या गोण्या रस्ताभर.
दहा मिनिटं. पंधरा.
मी फोन काढला.
तरन्नुम, पेखळे बोलतोय. उशीर होईल मला.
या काका, ती म्हणाली, थांबतो आम्ही.

फोन ठेवला आणि सवयीनं खिसे चाचपले :
तिकीट, रुमाल, फॉर्मची घडी.
लपवायचं काहीच नव्हतं
असं नाही.