न बघता लिहिलेली वही

ओर्ताच्या धक्क्यावर, पहाटे चारला,
जो तो मला काहीतरी देत होता.

औषधवाल्या दुल्सेनं तर आदल्या संध्याकाळीच गोळी दिली:
बोट सुटायच्या तासभर आधी घे,
ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी
म्हणजे माशांना नैवेद्य.
इदालिना मावशीनं आल्याचा तुकडा,
पाकात मुरवलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
"आणि वाइन नको. आणि उपासही नको.
रिकामं पोट जास्त डोलतं, बाई,
त्याला धरून ठेवायला काहीच नसतं."
इंजिनवाला व्हिर्जिलिउ तेवढा म्हणाला,
खाली माझ्याकडे येऊ नकोस,
कितीही थंडी वाजली तरी.
इथं डिझेलचं राज्य आहे.

तांडेल बेलार्मिनु काहीच बोलला नाही.
दोर सोडताना फक्त हनुवटीनं
समोरच्या बेटावरचा डोंगर दाखवला. पिको.
जणू, हा एकटाच हलत नाही.

माझं काम मोजणीचं.
किती कुपे वर आले, किती वजनाचे,
आमिषाच्या टाकीतली तारली किती मेली,
आसपास डॉल्फिन होते का, असले तर किती,
सगळं रकान्यांत लिहायचं.
म्हणजे मान खाली घालायची.
आणि मान खाली घालू नकोस,
हे सांगायचं धक्क्यावर कुणालाच सुचलं नव्हतं.

पहिला रकाना भरेपर्यंत सात मैल.
दुसऱ्यात पेन्सिल थांबली.
आधी तोंडाला पाणी सुटलं,
लिंबू चिरल्यावर सुटतं तसं नव्हे,
मग जांभया, एकीमागून एक,
मग कानांच्या मागे गार घाम,
मग ते.
कठड्याची कुठली बाजू वाऱ्याची
हे मी आयुष्यात एकदाच चुकले.

कुणी हसलं नाही.
झेफेरिनुनं बादलीभर समुद्र माझ्या बुटांवर ओतला,
कोरडं बिस्कीट हातात ठेवलं
आणि खांद्याला धरून बोटीच्या मध्यावर उभं केलं,
जिथं झोका सर्वांत आखूड असतो.
"गुडघे सैल सोड. नाचताना सोडतेस तसे.
भांडू नकोस तिच्याशी."

मग मी डोंगराकडे बघत लिहू लागले.
वहीकडे न बघता.
अंगठ्यानं कड चाचपत,
एका ओळीवर बोट ठेवून पुढची.
कुपे एकतीस. पुन्हा चार.
पाण्याचे फवारे, वाकलेल्या काठ्या,
फळीवर आपटणारी ती जड, निळी, थरथरती अंगं,
सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं,
चर्चमध्ये आवडत्या मुलाकडे पाहावं तसं.

दुपारी ढग आला आणि डोंगर गिळून बसला.
पोटानं लगेच विचारलं: आता?
सुकाणूच्या खोलीतून बेलार्मिनु ओरडला,
"गेला नाहीये तो. होता तिथंच बघ."
आणि वळून, अगदी सवयीनं,
खिडकीबाहेर वाकून
स्वतःच ओकला.
तेहेतीस वर्षं. दर मोसमाचा पहिला दिवस,
झेफेरिनु म्हणाला,
कुणाचा वाढदिवस सांगावा तसा.
तांडेलानं तोंड पुसलं, बिस्कीट मोडलं,
अर्धं माझ्याकडे फेकलं.

आठव्या दिवशी कचेरीतल्या अनुन्सियादानं
वही उजेडात धरली, मग आडवी धरली.
हे एकतीस की सदतीस?
आणि हे आकडे एकमेकांच्या अंगावर का चढलेत?
मला सांगता आलं नाही.
तिच्या टेबलाचा काठ मी घट्ट धरला होता,
कारण फरशी सावकाश वर येत होती,
सावकाश खाली,
आणि खिडकीबाहेर, लख्ख उन्हात,
पिको
पहिल्यांदाच
हलत होता.