आरू

वरच्या खोलीत लिन्सी सिस्टर राहते,
कोल्लमकडची. सिव्हिलला रात्रपाळी.
रविवारी सुट्टी, म्हणून गच्चीवर पिक्चर.
चादरींच्या या गावात
एक पांढरी चादर सापडेना,
नक्षीशिवाय विणतंय कोण?
शेवटी तिनंच स्वतःच्या गादीवरची काढून आणली.

पहिली वीस मिनिटं नुसता पाऊस.
येमूलांची अनसूया म्हणाली, केवढं पाणी हे,
आमच्या नळाला पाचव्या दिवशी तासभर.
मग चहाची टपरी. लुंगी दुमडलेले बाप्ये
पेपरातल्या एका ओळीवरून भांडतात,
एक लाल, एक तिरंगी, एक चर्चला उशीर झालेला;
उधारी तिघांची एकाच वहीत.
"हीरो कधी येणार गं?"
"तो काय, टक्कलवाला. चष्मा शोधतोय."
"अगंबाई."

खालच्या इंग्रजी ओळी मी तेलुगूत सांगत होते,
अडलं की मराठीत.
मग आला काजूचा कारखाना.
रांगेनं बायका, टरफलाच्या तेलानं काळी बोटं.
मुकादम मूठभर दाणे बाजूला सारतो:
तुटके, यांची मजुरी नाही.
"छाट," आई म्हणाली,
मी तोंड उघडायच्या आत.
तंबाखूनं पिवळी झालेली बोटं तिनं पदरात घेतली.

पडद्यावरची बाई भांडत नाही.
उकिडवी बसते, सारलेला एकेक दाणा उचलते,
मोठ्यानं मोजते.
ढोल नाही, वारा नाही, कॅमेरा जागचा हलत नाही.
रण्डु, मून्नु, नालु...
आई पुटपुटली, रेंडू, मूडू, नालुगू...
पाचाला दोघी वेगळ्या झाल्या,
सहाला एकदम:
आरू.
लिन्सी पाणी प्यायला उठली होती,
तांब्या हातात, तशीच उभी.

सोमवारी चेकरनं दीडशे बिड्या
छाटीत टाकल्या, रोजच्यासारख्या.
आई खाली बसली.
मागची एक कन्नडमध्ये मोजायला लागली,
त्यांचंही सहा आरूच.
कुणी मराठीत, आकड्यांवर आकडे.

"मग? दिले पैसे?"
"चाळीस बिड्यांचे."
सूप मांडीवर ओढून
ती कातरीची धार अंगठ्यावर बघत राहिली.
"नव्वदच्या पुढं माझा आकडा चुकला.
त्या बाईचा नाही चुकला."

थोड्या वेळानं:
"सिस्टरला विचार,
तिचा पिक्चर अजून पुढं आहे का."