जिन्याखालच्या पोलिसाला
(झोंगुलदाक, तुर्कस्तान. एप्रिल २०२०)

हे घे ओळखपत्र. उजेडात धर, नीट बघ.
जन्मसाल त्रेपन्न. म्हणजे सदुसष्ट.
पासष्टच्या पुढच्यांनी उंबरा ओलांडायचा नाही,
माहीत आहे, बाळ. मिनारावरून दिवसातून तीनदा सांगतात.
आमच्या घरात बहिरी फक्त मेलाहत आहे.

पाव आणायला नाही निघालो.
पाव तुमची पोरं दाराला टांगून जातात,
त्याला नावं ठेवण्याइतका मी कृतघ्न नाही.
कालचा कडेनं करपला होता, एवढं सांग त्यांना.
मी निघालोय नगरपालिकेत, हा अर्ज द्यायला.
ह्या जिन्याला एकशे बेचाळीस पायऱ्या
आणि कठडा फक्त एकोणसाठपर्यंत.
साठाव्या पायरीपासून माणसानं देवाला धरायचं.
अकरा वर्षांत चार अर्ज झाले. हा पाचवा.
कठडा बसवायला माणसं नाहीत म्हणाले.
बाक उपटायला मात्र मिळाली,
परवा ट्रक आणून बंदरासमोरचे सगळे नेले,
म्हातारे बसतील म्हणून!
आता तिथे फरशीतून चार-चार बोल्ट वर आलेत.
काळोखात कुणी ठेचकाळलं
की सहावा अर्जही मीच लिहीन.

हसू नकोस. मास्क घसरतोय तुझा.

मास्कबद्दल माझी तक्रार नाही.
म्हणजे, एकच आहे.
अठ्ठावीस वर्षं समुद्राच्या तळाखाली कोळसा फोडला,
नाकाला बायकोचा जुना रुमाल बांधून.
मास्क मागितला तर मुकादम म्हणायचा,
नाजूक आहेस तर फुलं विक.
आता छातीत आख्खी खाण भरून झाल्यावर
सरकार मास्क फुकट वाटतंय, तेही पासष्टच्या आतल्यांना;
आम्ही बाहेरच पडायचं नाही, तर आम्हाला कशाला?
म्हणून आज पुन्हा हा मेलाहतचाच रुमाल.
वरातीमागून घोडं म्हणावं,
तर घोडंही माझ्या दारावरून पुढे गेलं.

आणि नियम मला शिकवू नकोस.
खाली दिव्याची ज्योत निळी झाली की
हातातलं टाकून सगळे बाहेर यायचो,
म्हातारे, पोरं, मुकादम, मुकादमाचा मेव्हणा.
गॅस वय विचारत नाही.
हा आजार विचारतो म्हणतात डॉक्टर.
विचारत असेल, ते शिकलेले आहेत.
पण परवा बाल्कनीखालून दोन पोरं
मोबाईल रोखून ओरडली, "आत जा, म्हाताऱ्या, मरशील!"
आणि खिदळली.
ते कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलं होतं?

आता खरं सांगतो, टिपून घेऊ नकोस.
हे ओळखपत्र माझं नाही.
फोटो माझा. नाव भावाचं.
आईची आधीची मुलं जगेनात,
म्हणून त्याचं नाव ठेवलं दुर्मुश. थांबलेला.
तो दोन हिवाळे थांबला.
पुढे मी झालो. गावापासून कचेरी बर्फातून दीड दिवस;
बाप म्हणाला, कागद आहे, नाव आहे, वाया का घालवा?
असा मी जन्मतःच तीन वर्षांचा.
पंधराव्या वर्षी अठराचा होऊन खाणीत उतरलो,
तेव्हा कुणी ओळखपत्र उजेडात धरलं नाही.
खरा हिशेब केला तर मी चौसष्टचा.
सदुसष्टचा आहे तो,
ज्याला तुम्ही घरात थांब म्हणताय,
आणि तो बिचारा पासष्ट वर्षं
कुठेच गेलेला नाही.

बरं. दंड लिही, त्याच्याच नावावर लिही.
नाहीतर असं कर, हा अर्ज तू दे.
तुझं वय काय, चोवीस? तुला कोण अडवणार.
तिसरा मजला, डावीकडची खिडकी,
शिक्का मारून घेतल्याशिवाय हलू नकोस.
मी वर जातो.
एकोणसाठपर्यंत काही काळजी नाही.
पुढे जरा
बघत राहा.